घरातली ऊब जाते कुठे?

मराठवाड्यातल्या बाईने थंडीवर लेख लिहायला घेतला, तर मैत्रिणींनो, तुम्हांला हसू येईल. जालना म्हटलं की लोकांना मोसंबी आठवते, बियाणं आठवतं, लोखंडाच्या सळया आठवतात आणि उन्हाळ्यातली पाण्याची ओरड आठवते. थंडी कुणाला आठवत नाही. पण मार्गशीर्ष लागला, आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला की आमच्याकडची पहाट अशी गार होते, की नळाखाली हात धरवत नाही. परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. आम्ही त्या परभणीचे शेजारीच.

बाहेर थंडी असणं वेगळं आणि घरात थंडी राहणं वेगळं. आमच्या घरात ती राहत होती. त्यातही एका खोलीत, आणि नेमक्या त्याच खोलीत आमच्या सासूबाईंची खाट होती.

घर आधी सांगते. पुढची खोली स्लॅबची आहे. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पत्र्याचं. पैसा हातात येईल तसं बांधत गेलं की घर असंच होतं. निम्मं पक्कं, निम्मं 'पुढे बघू' म्हणून ठेवलेलं. सासरे गेल्यावर सासूबाई भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावाहून इकडे राहायला आल्या. न्हाणीघर जवळ पडावं म्हणून त्यांना मागची खोली दिली. पहिल्याच हिवाळ्यात त्यांची कुरकुर सुरू झाली.

"बाई, या खोलीत डोक्यावरून गार उतरतंय. कुणीतरी वरून पाणी वततंय जणू."

मी दोन वाकळी दिल्या, कानटोपी दिली, लोकरीचे मोजे आणले. त्या पांघरूण घेत, आणि सकाळी पुन्हा तेच. "आपल्या धाब्याच्या घरात असं नव्हतं." हे वाक्य दिवसातून चारदा कानांवर आलं की सुनेच्या मनात काय येतं, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. गावची ओढ आहे, सत्तरी उलटली आहे, अंगात रक्त कमी आहे, असं म्हणून मी विषय मिटवत होते. खिडकीला जाड पडदा लावला. ह्यांनी दोन सळयांचा विजेचा हीटर आणला. त्याने समोर बसणाऱ्याची नडगी भाजायची आणि पाठ गार राहायची. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिटं खातो. बंद केला की पंधरा मिनिटांत खोली होती तशी. बिल बघून ह्यांनी तो माळ्यावर टाकला.

मग जे झालं ते लिहायला संकोच वाटतो, पण लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत थंडीची लाट आली. सासूबाई म्हणाल्या, "खाटंखाली शेगडी ठेव, गावाकडं आम्ही नेहमी ठेवत होतो." मी कोळशाची शेगडी चांगली फुलवून, धूर गेल्यावर खोलीत नेली. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी माझी समजूत. वर शहाणपण केलं ते असं, की ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत जुनी लुगडी कोंबली आणि खिडकी घट्ट लावली. पहाटे साडेचारला मुलाला मागच्या खोलीत काही पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. सासूबाई खाटेशी बसल्या होत्या. डोकं भयंकर दुखतंय म्हणत होत्या, उलटी झाली होती आणि पाय उचलत नव्हते. ह्यांनी त्यांना उचलून अंगणात आणलं, मी दारंखिडक्या सताड उघडल्या, आणि तशाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खोलीत शेगडी होती का?"

निखारा धूर करत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. माणूस झोपेत असेल तर त्याला कळतही नाही. गावच्या धाब्याच्या घरात छपराला उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी भोक असायचं, दारांना फटी असायच्या, म्हणून तिथे शेगडी आजवर निभावली. मी इथे प्रत्येक फट बुजवली होती. सासूबाई दोन दिवसांत बऱ्या झाल्या. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्या आठवड्यात त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "मला गावाकडं पोचवा. तिथं मी एकटी राहीन."

तेव्हा मी ठरवलं, की या खोलीतली ऊब जाते कुठून हे आधी शोधायचं. तोवर काही विकत आणायचं नाही आणि काही पेटवायचंही नाही.

पहिली तपासणी अगदी देवघरातली. उदबत्ती लावून, पंखा बंद करून, रात्री खोलीभर फिरले. दारापाशी धूर थोडा हलला, खिडकीपाशीही हलला. पण स्टुलावर चढून भिंतीच्या माथ्यापाशी उदबत्ती नेली, तेव्हा धूर सरळ ओढून बाहेरच गेला. नीट बघितलं तर भिंत सरळ आणि पत्रा नागमोडी. पत्र्याच्या प्रत्येक वळणाखाली दोन बोटं मोकळी जागा. अशा भोकांची रांग दोन्ही बाजूंना. एकेक भोक क्षुल्लक, पण सगळी मिळून एक झडप कायमची उघडी टाकल्यासारखं. गरम हवा हलकी, ती वर जाणार आणि तिथून निसटणार. मी मात्र खाली दाराच्या फटीत लुगडी कोंबत होते!

एवढ्यावर मला वाटलं सापडलं. गवंड्याला बोलावून ती भोकं सिमेंट-वाळूने भरून घेतली. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "वारं थांबलं. पण गार उतरायचं थांबलं नाही."

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. मधल्या सुटीत हे रडगाणं चाललं होतं, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेतले चार थर्मामीटर काढून दिले. ताप बघायचे नव्हेत हं, ते पस्तीसच्या खाली उतरतच नाहीत. प्रयोगाचे, लांब काचेचे. त्यांनी बजावलं, "नुसता खोलीतला आकडा बघू नका. बाहेर किती आहे तेही त्याच वेळी लिहा आणि दोन्हींतला फरक काढा. नाहीतर बाहेर थंडी कमी झाली आणि तुम्हांला वाटेल आपला उपाय लागू पडला." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. आपण बायका घरात कितीतरी उपाय करतो आणि गुण आला की भलत्यालाच श्रेय देतो, त्याचं कारण हेच.

एक थर्मामीटर बाहेर ओसरीत टांगला, एक खोलीच्या मध्यावर, एक फरशीवर टेकवून, आणि एक पत्र्याच्या आतल्या बाजूला घट्ट बांधून वर कापसाची गादी दिली. पहाटे पाचचा गजर लावला. बॅटरी घेऊन आकडे लिहिताना मला चोरासारखं वाटत होतं. सासूबाई पांघरुणातून बघत होत्या.

बाहेर साडेदहा. खोलीत चौदा. फरशी अठरा. पत्रा नऊ.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. फरशीची आम्ही सगळे तक्रार करायचो, तिच्यावर पाय ठेवला की चटका बसतो म्हणायचो, आणि खोलीतली सगळ्यांत गरम वस्तू तीच! शहाबादी दगड पायाची ऊब झटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो, एवढंच. खालची जमीन दिवाळीपर्यंतची धग पोटात धरून असते. आणि वरचा पत्रा? तो नुसता खोलीपेक्षाच नव्हे, तर बाहेरच्या हवेपेक्षाही गार होता. बाहेर साडेदहा असताना पत्रा नऊवर गेला कसा? गार हवा एखाद्या वस्तूला आपल्याइतकं गार करील, आपल्यापेक्षा गार कशी करील?

याचं उत्तर आकाशात आहे. प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांनी सारखी बाहेर टाकत असते. ढगाळ रात्री ढग त्यातली बरीचशी परत पाठवतात, म्हणून आभाळ आलं की थंडी मोडते. निरभ्र रात्री परत पाठवायला कुणी नाही. पत्रा आपला कागदासारखा पातळ, साठवलेलं असं त्याच्याजवळ काहीच नसतं. तासाभरात रिकामा होतो आणि मग खोलीतल्या उबेवर हात मारतो. या ओढीची ताकद किती, ते सांगणारी एक जुनी हकिकत आहे. कंपनी सरकारच्या काळात अलाहाबादेकडे हिवाळ्याच्या रात्री उघड्या मैदानात बर्फ धरत. जमिनीत उथळ खड्डे करून त्यांत उसाची वाळकी ताटं किंवा मक्याची धाटं जाड पसरायची, वर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी भरून ठेवायचं. हवा गोठण्याइतकी थंड नसली तरी आकाश मोकळं आणि वारा पडलेला असला, की सूर्योदयापूर्वी थाळ्यांत बर्फ! रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजाने १७७५ साली याचं वर्णन लिहिलं. वाळक्या धाटांमुळे खालच्या जमिनीची ऊब थाळीला पोचत नसे आणि वरून आकाश ऊब ओढून घेई. आमच्या सासूबाई तशाच एका थाळीखाली झोपत होत्या म्हणायच्या.

आणि त्यांचं अंगही तेच करत होतं. आपल्या अंगाची ऊबसुद्धा किरणांनी समोरच्या गार वस्तूकडे जाते. हवा तीच असली तरी डोक्यावर गार पत्रा असेल तर जास्त थंडी वाजते. 'डोक्यावरून गार उतरतंय' हे म्हाताऱ्या माणसाचं रडगाणं नव्हतं. चार थर्मामीटर लावून मला जे कळलं, ते त्यांना पहिल्याच रात्री कळलं होतं.

त्याच वेळी आणखी एक कोडं सुटलं. पहाटे त्यांच्या पांघरुणावर थेंब पडायचे. पत्र्याच्या खिळ्यांपाशी गळतंय म्हणून ह्यांनी दोनदा डांबर लावलं. अहो, हिवाळ्यात पाऊस कुठला? माणसाच्या श्वासातली वाफ त्या गार पत्र्यावर जमून खाली टपकत होती. भर म्हणून मी रोज रात्री धुतलेले कपडे त्याच खोलीत वाळत घालत होते. एक लिटर पाणी वाळायला सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि ती त्या खोलीतूनच जाते. कपडे अंगणात गेले.

मग धाब्याच्या घराचं काय? त्याचंही गणित आता समजलं. तुळया, त्यांवर सर, वर काटक्या आणि कडुलिंबाचा पाला, आणि त्यावर हातभर पांढरी माती. दिवसभराचं ऊन त्या मातीत मुरतं आणि पहाटेपर्यंत हळूहळू खाली उतरतं. आकाशाने वरून कितीही ओढलं तरी हातभर माती एका रात्रीत थंड होत नाही. आमच्या पुढच्या खोलीचा स्लॅब थोड्या प्रमाणात तेच करतो. त्याच पहाटे तिथे एकोणीस होतं. एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर पाच अंशांचा फरक!

पण म्हणून धाब्याच्या घरांची आरती ओवाळायला मी तयार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातलं कुठलंही घर विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची दगडमातीची जाड भिंतींची आणि जड माळवदांची घरं झोपेतल्या माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. उस्मानाबादचं आता धाराशिव झालं, पण ती पहाट तशीच आहे. भूकंप तिकडे झाला, धसका इकडेही बसला. आमच्या सासऱ्यांनी दोन वर्षांत गावच्या घराच्या निम्म्या भागावरची माती उतरवून पत्रे टाकले. 'पत्रा पडला तर टेंगूळ येईल, जीव जाणार नाही,' असं ते म्हणायचे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. हलकं छप्पर जीव वाचवतं आणि ऊब घालवतं. हलकं ठेवून ऊब राखायची कशी, एवढाच प्रश्न उरतो.

तर छताचा प्रयोग. पूर्वी वाड्यांत कापडी छत बांधायचे, ते मला आठवलं. पहिल्या दिवशी पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून नुसतं एक जुनं सुती लुगडं ताणून बांधलं. थेंब पडायचे थांबले, पण आकडा फारसा हलला नाही. मग खाली बांबूची चटई आणि तिच्यावर दुहेरी शिवलेली लुगडी, असं केलं. ऊब अडते ती मुख्यतः मधे कोंडलेल्या, न हलणाऱ्या हवेने. वाकळ उबदार असते ती याच कारणाने. म्हणून कडा मोकळ्या राहिल्या तर सगळा खटाटोप वाया. आम्ही कडेने लाकडी पट्टी मारली. चौथ्या पहाटेची वही सांगते : बाहेर दहा, खोलीत साडेसोळा. आधीचा फरक साडेतीनचा होता, आता साडेसहाचा झाला. कोळसा नाही, हीटर नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड प्रदेशांतल्या घरांसाठी अठरा अंशांची मर्यादा सुचवली. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतील तर त्याहून जास्त. आमची खोली अजून त्याला पोचली नव्हती. उरलेलं काम उन्हाने केलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर दुपारीसुद्धा आमच्याकडे तो आभाळात अर्ध्यावरच चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं, आणि मी त्याच खिडकीला जाड पडदा लावून ते अडवलं होतं! आता अकरा ते चार पडदा बाजूला, खिडकी उघडी, फरशीवर ऊन. चार वाजता सगळं बंद. फरशी तापलेली असते, ती रात्रभर देत राहते.

तुम्ही हे करणार असाल तर थोडं सावध करते. चुलीच्या, गॅसच्या, देवघरातल्या समईच्या वर कापडी छत बांधू नका. दिव्याची वायर त्यातून नेऊ नका. आमच्या वायरमनने नळीतून भिंतीवरून नेली. पत्र्यावर कडबा किंवा पळाट्या टाकायची पद्धत आहे, उन्हाळ्यात त्याने बरं वाटतं, पण ठिणगीचं भय असतं आणि उंदीर, मागोमाग सापही येतात. थर्माकोल स्वस्त पडतो, मात्र आग लागली तर त्याचा धूर फार वाईट. गोदामांच्या पत्र्याखाली लावतात ती चंदेरी, फुगे असलेली शीट बाजारात मिळते. ती चकाकत्या बाजूपाशी थोडी पोकळी ठेवून लावली तर काम देते, पत्र्याला चिकटवून टाकली तर निम्मं काम वाया जातं. ऊब राखायची म्हणून सगळंच बुजवायचं नाही. आम्ही भिंतीवर उंचावर एक वीतभर झरोका मुद्दाम मोकळा ठेवला आहे. त्याने अर्धा अंश जात असेल, जाऊ दे. आणि कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत कदापि नाही, झरोका असला तरी नाही.

स्लॅबच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आमचं काय? तुमचं छप्पर बहुधा निर्दोष असेल. तुम्ही उदबत्ती घेऊन दारं, खिडक्या आणि कूलरची सोडून दिलेली चौकट बघा. कूलर उन्हाळ्यानंतर काढला आणि मागे नुसता पुठ्ठा राहिला, अशी घरं आमच्याच गल्लीत चार आहेत.

सासूबाई गावी गेल्या नाहीत. गेल्या संक्रांतीला त्यांनी पहाटे मला हाक मारली. मला धस्स झालं, शेगडीची रात्र आठवली. धावत गेले तर त्या खाटेवर बसून वर बघत होत्या.

"किती झाले गं आज?"

"अठरा, आत्याबाई."

"मग ती एक वाकळ काढून घे. घाम येतोय."

छतात वापरलेलं एक लुगडं त्यांचंच आहे, हिरव्या काठाचं. खाटेवर पडलं की तेच डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे छत मात्र त्यांना पसंत नाही. चांगलं लुगडं वाया घालवलं म्हणतात. स्वयंपाकघरात कापड चालणार नाही हे मी वर लिहिलंच, पण तिथेही पहाटे पोळ्या लाटताना डोक्यावर तोच पत्रा असतो. परवा मुलाने तिथेही एक थर्मामीटर बांधून ठेवला आहे.